बळ्ळारी आली का?

भाच्यानं मोबाइलवर बघून जाहीर केलं, "आत्या, कोल्हापूर ते तिरुपती ६५५ किलोमीटर. विमानाला पन्नास मिनिटं."

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पन्नास मिनिटांत मला रंकाळ्यावर जाऊन परत येणं होत नाही."

त्या आकड्यावरून आमच्या घरात पुढं आठवडाभर बोलणं चाललं. इचलकरंजीच्या मावशीला फोन गेला. मावशीनं आधी "मी न्हाई बसत बाई त्या पंख्याच्या गाडीत" म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वतःच फोन करून विचारलं, "खिडकी मिळंल न्हवं मला?"

मला मात्र ते ६५५ डोक्यातून जाईना. बाबा हायस्कूलला भूगोल शिकवायचे. त्यांचा पृथ्वीगोल अजून कपाटावर आहे, स्टँड एका बाजूला कललेला आणि ग्रीनलंडच्या जागी कधीतरी सांडलेल्या शाईचा डाग. वर्गात ते मुलांच्या हातात शिवणाचा दोरा द्यायचे आणि दोन गावांवर चिमटीनं धरून ताणायला सांगायचे. मुंबई आणि न्यूयॉर्क धरलं की दोरा सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढायचा, मुलं चक्रावायची. दोरा ताणला की पृथ्वी स्वतःच सगळ्यात जवळची वाट दाखवते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विमानांची अंतरं मोजतात ती याच हिशोबानं.

त्या रात्री मीही दोरा घेऊन बसले. कोल्हापूर त्या गोलावर छापलेलंच नाही, तिरुपतीही नाही. अंदाजानं बोटं टेकवली तर मधला दोरा भरला जेमतेम दीड सेंटीमीटर, म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाहून थोडासा मोठा. एवढ्यात पृथ्वीची गोलाई ती काय कळणार! मग कागदावरच मांडलं. उजळाईवाडीचा विमानतळ अक्षांश १६.६६, रेखांश ७४.२९. तिरुपतीचा, म्हणजे खरं तर रेणिगुंट्याचा, १३.६३ आणि ७९.५४. सहज चाळा म्हणून मधला बिंदू काढला. १५.१५ आणि ७६.९२. नकाशावर शोधलं तर तिथं एक शहर निघालं.

बळ्ळारी. आकडेमोड मी दोनदा तपासली. आईला लगेच सांगितलं नाही.

आधी त्या पन्नास मिनिटांचा निकाल लावते. त्या साइटवाल्यांनी केलंय काय, तर अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागलंय. हा वेग मोठ्या जेट विमानाचा. आमच्या नशिबी होतं पंख्याचं एटीआर, सत्तर-ऐंशी माणसांचं. ते फार तर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं आणि जेटच्या निम्म्या उंचीवरून जातं. नुसत्या भागाकारानंच सव्वा तासाच्या वर गेलं. शिवाय विमान काही हवेतच उभं नसतं. चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पलीकडच्या गावात पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा सगळा वेळ धरतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आलं, चढणं आलं, वळसा घेऊन उतरणं आलं. वेळापत्रकात छापतात तो हाच आकडा. आमच्या तिकिटावर म्हणूनच पावणेदोन तासांच्या आसपासचा हिशोब होता. भाच्याला हे समजावून सांगितलं तर म्हणाला, "मग पन्नास मिनिटं कुणाची?" कुणाचीच नाहीत. त्या दोन गावांमध्ये अशी पन्नास मिनिटं आजवर कुणी काढली असतील असं मला वाटत नाही.

आता हे अंतर मुळात पडलं कसं, ते. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले. छाती म्हणजे लक्ष्मीची जागा. तिला राग आला, ती वैकुंठ सोडून निघाली ती करवीरात येऊन बसली. तिला शोधायला देव खाली उतरले आणि वेंकटाचलावर राहिले. तिथं त्यांनी पद्मावतीशी लग्न केलं, त्यासाठी कुबेराकडून कर्ज काढलं, आणि त्याचं व्याज भक्त आजपर्यंत हुंडीत टाकताहेत. म्हणजे ६५५ किलोमीटर हा नवराबायकोच्या रुसव्याचा आकडा झाला. दरवर्षी नवरात्रात तिरुमलाच्या देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो. वाजतगाजत येतो, फोटो छापून येतात. मावशीचं यावर स्वतंत्र मत आहे. "दुसरी केल्यावर शालू धाडून काय उपेग?"

अंबाबाई मुळात विष्णुपत्नी का, की स्वतंत्र आदिशक्ती, यावरून कोल्हापुरात जाणत्या माणसांचे जोरदार वाद आहेत आणि शक्ती म्हणणाऱ्यांची बाजू मला जास्त पटते. पण महाद्वारात उभं राहून बघा. तिरुपती केलं आणि कोल्हापूर राहिलं तर यात्रा पुरी होत नाही, या समजुतीनं आंध्र-तेलंगणातून येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. दुकानांवर तेलुगू पाट्या आहेत. मूर्तिशास्त्राच्या वादानं त्या पाट्यांना काही फरक पडलेला नाही.

आणि आमची गाडी! कोल्हापूरहून तिरुपतीला जाणाऱ्या रेल्वेचं नाव हरिप्रिया एक्स्प्रेस. हरीची प्रिया, म्हणजे लक्ष्मीच. रुसून आलेली बाई नवऱ्याच्या गावाला जाते आणि परत माहेरी येते, हे नाव ज्यानं सुचवलं त्याला रसिकतेचं बक्षीस द्यायला हवं होतं. मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी, गदग, होस्पेट, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा आणि मग रेणिगुंटा. ९०० किलोमीटरच्या आसपास, वीसेक तास.

२००३ च्या मे महिन्यात आम्ही तिनं गेलो होतो. बाबा, आई, मी, धाकटा भाऊ. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या कैऱ्या आणि एक पाच लिटरचा निळा कॅन. बाटलीबंद पाणी विकत घेणं बाबांच्या तत्त्वात बसत नसे. लोंढ्यापर्यंत झाडी होती, गारवा होता. गदग ओलांडल्यावर खिडकीतून भट्टीसारखा वारा यायला लागला आणि कॅन रिकामा झाला. रात्री जेवणं उरकल्यावर गाडी बळ्ळारीला थांबली. तेव्हा पाटीवर बेल्लारी होतं, नाव २०१४ मध्ये बदललं. बाबा कॅन घेऊन उतरले.

गाडी सुटली तेव्हा ते आले नव्हते.

आई दारात गेली. फलाट मागं सरकत होता आणि नळापाशी कुणी नव्हतं. साखळी ओढायची की नाही यावर डब्यातल्या चार माणसांची चार मतं पडली आणि तेवढ्यात स्टेशनच संपलं. बळ्ळारी ते गुंतकल ५० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. त्या तासात आई एक शब्द बोलली नाही. तिनं पर्स उघडून पैसे मोजले, परत मोजले, आमच्या दोघांच्या चपला बर्थखालून ओढून ओळीनं लावून ठेवल्या. भाऊ झोपला होता. मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

गुंतकलला बाबा फलाटावरून चालत आले. शेवटच्या जनरल डब्यात चढले होते, तिथून आत यायला वाट नव्हती. कॅन तोंडापर्यंत भरलेला. आत येऊन त्यांनी तो बर्थखाली सरकवला आणि म्हणाले, "गार आहे पाणी." त्यांचा खुलासा तेवढाच. आईनं त्या पाण्याला तिरुपतीपर्यंत तोंड लावलं नाही.

पुढं तेरा वर्षं हा किस्सा घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला गेला. बाबा हसत सांगायचे, आई स्वयंपाकघरात काहीतरी काढायला जायची. २०१६ ला बाबा गेले. त्यानंतर कुणी सांगितला नाही.

तर विमान. उजळाईवाडीचा विमानतळ तसा जुना, राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेला. स्वातंत्र्याच्या आधीपासून गावाला धावपट्टी आहे आणि तरी आमच्या पिढीनं तिच्यावर विमानापेक्षा गवतच जास्त बघितलं. लहान गावं स्वस्तात विमानानं जोडायची सरकारची 'उडान' योजना आली, तिचं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली उडालं, आणि २०१९ साली कोल्हापूरहून थेट तिरुपतीचं सुरू झालं. योजनेच्या सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाचा दर अडीच हजार रुपये धरला होता, तोही निम्म्या खुर्च्यांपुरता. उरलेली तूट सरकार तीन वर्षं भरून देणार.

खरी गंमत त्या तीन वर्षांत आहे. लहान विमानतळांमधलं अंतर किलोमीटरवर ठरत नाही, वारावर ठरतं. विमान आहे त्या वारी तिरुपती ६५५ किलोमीटर. नाही त्या वारी हैदराबादला जा, तिथं बसून राहा, दुसरं विमान पकडा. ४४५ अधिक ४१५, झाले ८६०, आणि दिवस गेला. गाडी काढून रस्त्यानं गेलात तरी साडेआठशेच्या घरात. एखाद्या महिन्यात सेवा बंद पडली की तिरुपती पुन्हा हरिप्रियेच्या २० तासांवर जाऊन बसतं. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात उडानचे आकडे आहेत. विमान कंपन्यांना मार्ग वाटण्याच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी पुरी तीन वर्षं टिकले ११२, आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते फक्त ५४. मुंबई-दिल्लीच्या माणसाला हे कळायचं नाही. त्याचं अंतर रोज सकाळी उठून तिथंच असतं. आमचं अंतर आधी वेबसाइटवर बघावं लागतं.

एकदा तर तिकीट काढून झालेलं असताना आदल्या रात्री मेसेज आला, कामकाजाच्या कारणास्तव रद्द. कुठल्या कंपनीचं ते राहू दे. पैसे परत आले. मावशीनं मात्र बॅगेतला खण-नारळ काढला नाही, तशीच बॅग भरून महिनाभर दारामागं ठेवली.

मग ती तारीख आली. २०२४ पासून विमानतळाला दगडी कमानींची ऐसपैस नवी इमारत आहे, आम्ही गेलो तेव्हा जुनीच होती. शिवाजी पेठेतून रिक्षानं अर्धा तास. तपासणीत मावशीची पिशवी थांबवली. पद्मावतीच्या ओटीचं सामान होतं, त्यात सुक्या खोबऱ्याची वाटी. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून चालत नाही, असं त्या मुलीनं अगदी नीट समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, "अगं, सवतीची वटी हाय. खोबरं न्हाई घातलं तर काय म्हणंल ती?" मुलगी हसली, पण वाटी ठेवून घेतली.

एटीआरला शेपटीकडून चढायचं असतं, सामान पुढं, माणसं मागून. एसटीच्या जुन्या गाड्यांची सवय असल्यानं मावशीला यात काही वावगं वाटलं नाही. पंख वर आणि खिडक्या खाली, त्यामुळं कुठंही बसलं तरी जमीन दिसते. आईला मी उजवीकडची खिडकी दिली.

पंखे फिरायला लागले, सहा-सहा पात्यांचे, आणि आधी दिसणारी पाती हळूहळू नुसती धुरासारखी झाली. मावशीनं डोळे मिटून घेतले. ती उसाचे हिरवे चौकोन मागं पडेपर्यंत उघडेना. आई मात्र खाली बघत होती. मी तेव्हा तिला सांगितलं. म्हटलं, कोल्हापूर आणि तिरुपती यांच्यामध्ये दोरा ताणला तर बरोब्बर मधोमध बळ्ळारी येते.

"बळ्ळारीच?"

"बळ्ळारीच. दोनदा हिशोब केला."

तिनं काही उत्तर दिलं नाही. खिडकीकडे वळली.

विमानं काही दोऱ्यावरून जात नाहीत, त्यांचे आकाशातले रस्ते ठरलेले असतात, चार-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतंच. पण अर्ध्या तासानं खाली हिरवं संपलं आणि उजवीकडे, लांब, पत्र्यासारखं चकाकणारं मोठं पाणी दिसलं. तुंगभद्रेचं धरण. म्हणजे होस्पेट. त्याच्या अलीकडे कुठंतरी हंपीचे दगड. तिथूनच कृष्णदेवराय तिरुमलाला जायचा, देवळात त्याचे आणि दोन्ही राण्यांचे हात जोडून उभे असलेले पुतळे आहेत. हे सगळं मी आईला सांगायला लागले होते. तिनं हातानंच गप्प बस म्हणून खूण केली.

हवाई सुंदरी पाण्याचे कागदी पेले घेऊन आली. आई तिला म्हणाली, "नको. बळ्ळारी जाऊ दे." शुद्ध मराठीत. ती पोरगी काही न समजता हसून पुढं गेली.

माती लाल व्हायला लागली. मधे मधे डोंगराची साल काढल्यासारखे उघडे लाल खड्डे, खाणींचे. मग एक शहर दिसलं. नुसते करडे ठिपके आणि त्यांच्या कडेनं जाणारी एक बारीक काळी रेघ. रेघ म्हणजे रूळच असतील असं मी म्हणणार नाही, एवढ्या उंचीवरून रस्ता आणि रूळ सारखेच दिसतात.

"आली का?"

"आली बहुतेक."

ती बघत राहिली. शहर पंखाखालून मागं सरकलं, चाकाच्या फुगवट्याआड गेलं, मग दिसेनासं झालं. बळ्ळारी ते गुंतकल विमानाला पाच-सहा मिनिटं लागतात. आईनं तेवढी मिनिटं खिडकीवरचा हात काढला नाही.

"गेलं गुंतकल?"

"गेलं."

मग तिनं खुर्ची मागं केली आणि रेणिगुंट्याला चाकं टेकेपर्यंत झोपली.

पुढचं थोडक्यात. विमानानं वाचवलेले अठरा तास आम्ही तिरुमलाच्या रांगेत परत केले. कोठ्यांमधून बसून राहायचं, दारं उघडली की पळायचं, आणि देवापुढं आल्यावर दोन पळांत "जरगंडी, जरगंडी" म्हणत पुढं ढकललं जायचं. देवाला काय मागितलं विचारलं तर मावशी म्हणाली, "मागायच्या आतच भाईर आलो की मी." खोबऱ्याची वाटी तिनं तिरुचानूरला पद्मावतीच्या देवळासमोरच विकत घेतली. कोल्हापूरपेक्षा वीस रुपये महाग पडली, ते ती अजून सांगते.

परतीचं विमान बघण्यासारखं होतं. आमच्याबरोबर गेलेली कितीतरी डोकी आता तुळतुळीत होती, त्यांवर चंदनाचा पिवळा लेप. त्यात तिरुपती उरकून अंबाबाईला निघालेली तेलुगू कुटुंबं, तीही मुंडण केलेली, अगदी मांडीवरच्या पोरांपासून. मागच्या खुर्चीवरून बघितलं तर सगळं विमान पिवळ्या नारळांनी भरल्यासारखं दिसत होतं. मावशी कानाशी येऊन म्हणाली, "एक खोबऱ्याची वाटी चालत न्हाई म्हणं." वरच्या कप्प्यांतून लाडवांच्या तुपाचा आणि कापराचा वास येत होता.

यंदा पुन्हा जायचं ठरलं. भाच्यानं मोबाइल काढला, तारखा टाकल्या, वर-खाली केलं. आम्हाला हवे त्या आठवड्यात थेट विमान दाखवतच नव्हतं. हैदराबादवरून दाखवत होतं, मधे पाच तास बसायचं.

"मग हरिप्रिया हाय की," मावशी फोनवर म्हणाली. "आडवं व्हायला तरी मिळतं."

आई वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "चालेल. पण पाण्याला बळ्ळारीवर कुणी उतरायचं नाही. एवढं कबूल असेल तरच तिकिटं काढा."